वेशीबाहेर उभें केलेलें घर

श्रोतेहो, प्रवासाला निघतांना घराला कुलूप लावावयाचें, ही आपली रीत. परंतु गेल्या वर्षीं ईस्टरच्या सुट्टींत आम्हीं चौघांनीं घरच बरोबर घेतलें. बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी, असा सारा संसार पोटांत घेऊन धांवणारी ती मोटार. इटलींत तिला 'कँपर' म्हणतात. रोमच्या उत्तरेस असलेल्या उंब्रिया प्रांतांतील जुनीं डोंगरी नगरें पाहावीं, हा आमचा संकल्प होता.

हीं नगरें उंचावर वसलीं तीं शोभेखातर नव्हे. शत्रु दुरून दिसावा, तटाचें रक्षण सुलभ व्हावें, हा त्यांतील हिशेब. तेथील गल्ल्या माणसाच्या आणि खेंचराच्या मापानें पडलेल्या. चाकांवरच्या घराला तेथें जागा कोठून असणार? बहुतेक ठिकाणीं जुन्या भागांत परक्या वाहनांस मज्जाव असून वेशीवर कॅमेरे पहारा करतात. कायदा मात्र उदार आहे. १९९२ च्या वाहतूक-संहितेप्रमाणें अशी मोटार नुसती आपल्या चाकांवर उभी असेल, बाहेर छत वा खुर्च्या मांडलेल्या नसतील, तर तिनें तळ ठोकला असें समजत नाहींत.

ऑर्व्हिएतो हें नगर ज्वालामुखीच्या राखेच्या खडकावर, उभ्या कड्याच्या माथ्यावर आहे. गाडी पायथ्याशीं ठेवावयाची आणि तारेनें ओढल्या जाणाऱ्या रुळगाडींतून वर जावयाचें. ही सोय १८८८ सालीं झाली. त्या वेळीं ती पाण्याच्या भारावर चाले. १९७० मध्यें बंद पडलेली ही गाडी १९९० पासून पुन्हा चालूं लागली. तिच्यामुळें आईला १२९० सालीं पाया घातलेलें तेथील भव्य कॅथीड्रल विनासायास पाहतां आलें.

गुड फ्रायडेच्या दुपारीं आम्ही गुब्बिओस पोहोंचलों. आईचे गुडघे दुखत होते. वेशीपर्यंत तरी गाडी नेऊं, असा मीं हट्ट धरला. तो अंगाशीं आला. चढावरील एका वळणावर गाडी पुढें जाईना आणि मागेंहि येईना. तेथेंच रात्रीच्या मिरवणुकीसाठीं लांकडांची रास रचलेली होती. रचणारे लोक रागावले नाहींत. त्यांनीं निमूटपणें सारी लांकडें बाजूस काढलीं. एका वृद्ध गृहस्थानें हातानें खुणा करीत आमची गाडी मागें घेवविली आणि तो पुन्हा रास रचावयास वांकला. मी ओशाळलों. गाडी खालच्या पटांगणांत ठेविली. आई म्हणाली, "देवळाच्या पायऱ्या मोटारींत बसून कुणी चढलें आहे का रे? चल, हळूहळू जाऊं."

सायंकाळीं मिरवणूक निघाली. गुरुवारच्या उपासनेपासून ईस्टरच्या रात्रजागरापर्यंत चर्चच्या घंटा मुक्या असतात. त्यांच्या जागीं लोखंडी कड्या बसविलेल्या लांकडी फळ्यांचा खडखडाट. गोव्यांतहि त्या दिवशीं घंटेऐवजीं लांकडी खटखट वाजते. पांढऱ्या झग्यांतील पुरुष, मृत ख्रिस्ताची मूर्ति, मागून शोकाकुल मातेची मूर्ति आणि दोन मेळ्यांनीं आळवलेलें लॅटिन स्तोत्र. दुपारचीं तींच लांकडें आतां धडधडून पेटलीं होतीं. माझ्या मुलीनें त्या उजेडांत कॅमेरा उचलला आणि आपण होऊनच खालीं घेतला.

दुसऱ्या दिवशीं तेथील चौदाव्या शतकांतील नगरप्रासादांत सात कांस्यपट पाहिले. १४४४ सालीं उजेडांत आलेले हे पट प्राचीन उंब्रियन भाषेंत असून, ख्रिस्तपूर्व काळीं टेकडीच्या शुद्धीसाठीं तिन्ही वेशींपुढें व वेशींमागें कोणते बळी द्यावे, हा विधि त्यांत सांगितला आहे. ज्या वेशीला मी केवळ रहदारीची अडचण समजलों, ती येथें दोन हजार वर्षांपूर्वींहि थांबून नमस्कार करण्याची जागा होती.

ईस्टरच्या सकाळीं दुकानें बंद होतीं आणि आमची शिधासामग्री संपत आली होती. शेजारच्या कँपरमधील एका कुटुंबानें चीज घातलेला फुगीर पाव व उकडलेलीं अंडीं आणून दिलीं. त्या प्रांतांतील सणाच्या न्याहारीचें तेंच पक्वान्न. आईनें त्यांना आपल्या डब्यांतले बेसनाचे लाडू दिले. भाषा दोघांनाहि परस्परांची येत नव्हती.

श्रोतेहो, असें घर घेऊन आपण अवश्य जावें. शनिवारींच शिधा भरावा, आणि सोमवारीं सारी इटली वनभोजनास निघते म्हणून त्या दिवशीं रस्त्यावर न येणें बरें. मात्र वेस दिसतांच घर खालीं ठेवावें आणि पायीं वर जावें. आमची आई त्या दिवशीं तीन ठिकाणीं बसत बसत वर गेली. आणि तिन्ही ठिकाणीं कुणीं ना कुणीं तिला दारांतून खुर्ची आणून दिली.