खूर बघून गाडी

शहापूर-मुरबाडच्या गडांसाठी गाडी घेताना आधी पाहायचा तो तिच्या पोटाखालच्या अंतराचा आकडा, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स. मायलेज, रंग, पडदा केवढा, ही चौकशी नंतरची.

इथले सगळेच रस्ते वाईट नाहीत. नाणेघाटाची वाट कल्याण-नगर रस्त्यालगतच सुटते, तिथे कुठलीही गाडी चालते. आसनगावहून माहुलीकडेही अडचण नाही. प्रश्न शेवटच्या टप्प्याचा. आजोबाच्या डोंगरासाठी डेहण्यापुढे कच्चा रस्ता लागतो. अशा रस्त्यावर पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल जातात, मधे उंचवटा उरतो आणि त्यात एखादा दगड डोकं वर काढून बसलेला असतो. तो इंजिनखालच्या ऑइल चेंबरला लागला की ऑइल गळतं. तशीच गाडी रेटली, तर इंजिन जाम.

गोरखगडासाठी देहरीला जाताना वाटेत म्हसा लागतं. तिथल्या पौषातल्या जत्रेचा बैलबाजार प्रसिद्ध आहे. जाणता शेतकरी रंगवलेल्या शिंगांना भुलत नाही. दात बघतो, खूर उचलतो, चार पावलं चालवतो. गाडीचे खूर म्हणजे टायर, आणि सनरूफ ही रंगवलेली शिंगं. शोरूममध्ये मात्र घरदार शिंगांभोवतीच गोळा होतं! बैल ओझ्याखाली जोखावा, तशी गाडीही भरून जोखावी. कंपनीचा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. पाच जण आणि सॅका चढल्या की मागची बाजू बसते.

स्विफ्टचा आकडा 163 मिलिमीटर, ब्रेझाचा 198, जिम्नीचा 210. बोलेरोचा 180च, पण ती चेसीवर बांधलेली, मार सोसणारी. या वाटांना 180च्या खाली उतरू नये.

फोर व्हील ड्राइव्हचा हट्ट बहुतेकांना परवडत नाही आणि लागतही नाही. चिखलातून ती गाडी ओढून काढते; पण पोट उंचवट्यावर टेकलं आणि चाकं अधांतरी फिरू लागली, की चारही चाकांचा जोर फुकट. म्हणून पुन्हा तेच: आधी उंची.

टायरमधल्या हवेचा विषय मोठा आहे, तो इथे मावत नाही. स्टेपनी मात्र पूर्ण मापाची असावी. आणि ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत असेल, तर 210 मिलिमीटरचाही भरवसा धरू नये. गाडी अलीकडच्या गावात, कुणाच्या खळ्यात विचारून लावावी आणि पाणी ओसरेपर्यंत थांबावं.