मुलांच्या डोक्यांतील उवा व त्यांवरील निर्धोक उपाय

(माता-पालकांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपणांपुढें उवांसारखा विषय मांडावा, याचें कोणास नवल वाटेल. कोणी गालांतल्या गालांत हसेलही. परंतु ज्या घरांत लहान मुलें आहेत, त्या घरांत हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. आपल्या धारूरच्या परिसरांत तर त्याला एक गंभीर बाजू आहे, व तिच्याकडे आपलें लक्ष वेधावें हाच माझा मुख्य हेतु आहे.

बालाघाटच्या या डोंगराळ मुलखांत सीताफळाचीं झाडें माळावर व बांधावर आपोआप उगवतात. बीड जिल्ह्याच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही लाभलें आहे. फळ जितकें मधुर, तितकी त्याची बी घातक. तिच्यांत कीटकांना मारणारें विष असतें, आणि हें जाणूनच घरोघरीं ती वाटून, तेलांत कालवून मुलांच्या केसांना चोळण्याची वहिवाट पडली. या लेपानें उवा मरतात, हें मी नाकारीत नाहीं. परंतु तेंच चूर्ण घामाबरोबर, न्हातांना पाण्याबरोबर, किंवा मुलाच्या हातानें डोळ्यांत गेलें, तर बुबुळावरील नाजूक पडदा सोलवटून निघतो. डोळा लाल होतो, आग होते, पाणी गळतें, उजेड सोसवत नाहीं व दिसणें अंधुक होतें. अशा रुग्णांची नोंद भारतांतील नेत्रवैद्यांनीं वैद्यकीय नियतकालिकांतून केलेली आहे. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक डोळे बरे होतात. पण बुबुळावर व्रण पडून फूल राहिलें, तर दृष्टि कायमची मंद होऊं शकते. रोगापेक्षां उपाय भयंकर म्हणतात, तो हाच.

असा अपघात घडलाच, तर डोळा चोळूं देऊं नये. दूध, तूप, मध किंवा एरंडेल त्यांत घालूं नये. स्वच्छ पाण्याची संथ धार निदान १५ मिनिटें डोळ्यावर धरावी व त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें. अंबाजोगाईचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपणांस फार दूर नाहीं. घासलेट व पिकांवर फवारावयाचीं औषधें यांविषयीं तर एवढेंच सांगतों, कीं तीं मुलाच्या डोक्याला कधींही लावूं नयेत. घासलेट पेट घेतें. फवारणीचें विष कातडीवाटे अंगांत भिनतें. त्यांनीं ऊ मरेल, पण मूलही जाईल.

मग करावें काय? प्रथम शत्रूची रीत समजून घेऊं. ऊ सुमारें दोन ते तीन मिलिमीटर लांब असते. तिला पंख नाहींत, उडीही मारतां येत नाहीं. ती केवळ चालते. म्हणून डोक्याला डोकें लागलें, कीं ती एकीकडून दुसरीकडे जाते. मुलें गळ्यांत गळा घालून खेळतात व एका वाकळेंत निजतात, म्हणून त्यांनाच ती अधिक होते. डोक्यावरून खालीं पडलेली ऊ रक्तावांचून एक-दोन दिवसांतच मरते. मादी केसाच्या मुळाशीं अंडीं चिकटवते, त्यांनाच आपण लिखा म्हणतों. लीख सुमारें ७ ते ९ दिवसांनीं फुटते, आणि त्यांतून निघालेलें पिल्लूं आणखी ९ ते १२ दिवसांनीं अंडीं घालण्याजोगें होतें.

या हिशेबांतच सर्व उपायांची किल्ली आहे. आज सर्व उवा काढल्या, तरी लिखांतून उद्यां नव्या निघणारच. त्या मोठ्या होऊन अंडीं घालण्यापूर्वीं काढल्या, तर वंश खुंटतो. म्हणून केसांना भरपूर खोबरेल किंवा करडईचें तेल लावावें, साधारण कंगव्यानें गुंता सोडवावा, आणि मग बारीक दात्यांची फणी केसांच्या मुळापासून शेवटापर्यंत बट-बट घेऊन फिरवावी. प्रत्येक वेळीं फणी पांढऱ्या फडक्यावर पुसावी. हें काम पहिल्या, पांचव्या, नवव्या व तेराव्या दिवशीं करावें आणि सतराव्या दिवशीं पुन्हां तपासावें. एकाच दिवशीं घरांतील सर्वांचीं डोकीं पाहावीं. नाहींतर एकाची ऊ दुसऱ्याकडे जाऊन परत येते.

औषधच हवें असेल, तर १ टक्का परमेथ्रिनचें लोशन औषधांच्या दुकानांत मिळतें. केस धुऊन, टॉवेलनें टिपून तें लावावें, १० मिनिटांनीं धुवून टाकावें, व नवव्या दिवशीं पुन्हां लावावें. दुसरी खेप चुकली, तर पहिली वायां जाते. खरजेसाठीं याच नांवाचें अधिक तीव्र मलम मिळतें. तें चुकून घेऊं नये. दोन महिन्यांखालील अर्भकाला हें औषध लावूं नये. खाजवून डोक्यांत पू झाला असेल किंवा मानेला गांठी आल्या असतील, तर मुलाला डॉक्टरांस दाखवावें.

येथें एका गोष्टीचा विसर पडूं नये. दसरा-दिवाळीनंतर आपल्या भागांतून हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. महिनोन्‌महिने मुलें कोपींत दाटीनें निजतात. पाणी दूरवरून आणावें लागतें, आणि आई पहांटेपूर्वींच फडांत गेलेली असते. त्या मुलांच्या डोक्यांत उवा झाल्या, तर त्याचें कारण आईचा आळस नव्हे, परिस्थिति होय. फणी व तेल यांना फारसें पाणी लागत नाहीं. म्हणून निघणाऱ्या प्रत्येक बिऱ्हाडाबरोबर निदान एक चांगली फणी जावी, एवढें आपण शेजारधर्म म्हणून सहज करूं शकतों.

उवा स्वच्छ केसांतही होतात. डोक्यांतील उवांनीं कोणताही प्राणघातक रोग पसरत नाहीं. टायफस ज्वर पसरवणारी ऊ अंगावरच्या कपड्यांत राहणारी, निराळी आहे. ट्युनिस येथें चार्ल्स निकोल यांनीं १९०९ सालीं तिचा दोष सिद्ध केला व त्यासाठीं त्यांना १९२८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हां डोक्यांत ऊ दिसली म्हणून मुलाला शाळेंतून घरीं धाडणें, निराळें बसवणें, किंवा मुलीचे केस तिच्या मनाविरुद्ध भादरणें, याला कांहींच आधार नाहीं. ऊ तीन आठवड्यांत जाते. चारचौघांत झालेली अप्रतिष्ठा मुलाच्या मनांत वर्षानुवर्षे घर करून राहते.

सारांश, सीताफळ खावें, त्याची बी मात्र मातींत टाकावी. मुलाला मांडीशीं घेऊन अर्धा तास शांतपणें फणी फिरवावी. खर्च थोडा, धोका कांहीं नाहीं, आणि डोळे शाबूत राहतात. एवढें माझें म्हणणें आपण घरीं नेलेंत व शेजारणीलाही सांगितलेंत, म्हणजे आजच्या बोलण्याचें सार्थक झालें असें मी समजेन.