न धुतलेला रोल

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)

१९९६च्या दहावीच्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, नव्या तंत्रज्ञानावर बोल." मी आले आहे ही काळी डबी घेऊन. ओळखलीत ना? आपल्या घरी हिच्यात सेफ्टी पिना असायच्या, सुटे पैसे असायचे, आजीचं जायफळ असायचं. या डबीत मात्र खरोखरच रोल होता. आपल्या नववीच्या रायगड सहलीचा.

मागच्या वर्षी चित्रकलेच्या सरांना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "तीन फोटो शिल्लक होते. तुमच्या निरोप समारंभाला काढू म्हणून थांबलो, तेवढ्यात माझी बदली झाली. धुवायचा राहिला तो राहिलाच." रोल महाग असायचा. तीन फोटो वाया घालवणं तेव्हा कुणाला परवडत नव्हतं.

त्या सहलीला आपली एक मैत्रीण होती, जी आज आपल्यात नाही. नाव घेत नाही, तुम्हा सगळ्यांना कळलं आहे. तिच्या घरात पुराचं पाणी शिरलं तेव्हा सगळे अल्बम गेले. तिच्या आईकडे तिचा शाळेतला एकही फोटो नाही. म्हणून मला तो रोल हवा होता.

मी शहरातल्या एका लॅबमध्ये गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "द्या मॅडम, मशीनमध्ये टाकतो." मी डबीवरचं नाव वाचलं: इंदू. ब्लॅक अँड व्हाइट. शंका आली म्हणून रोल परत घेतला आणि घरी येऊन वाचत बसले. बरं झालं. रंगीत फिल्मच्या मशीनमधलं रसायन शेवटी चांदी काढून टाकतं आणि रंग मागे ठेवतं. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चित्र असतं ते चांदीचंच. रोल कोरा होऊन बाहेर आला असता. त्या मुलाची चूक नाही, त्याने असा रोल कधी पाहिलाच नव्हता.

इंदू फिल्म आपल्या देशातच बनायची, उटीला, हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात. तो कारखाना आता बंद आहे. मग जगात काय झालं ते मी शोधू लागले. जर्मनीत २००५ साली आग्फाफोटो दिवाळखोरीत गेली. जपानच्या कोनिका मिनोल्टाने २००६ साली फिल्म सोडत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत कोडॅकने २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. गंमत अशी, की पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅकच्याच एका इंजिनिअरने बनवला होता.

मला वाटायचं, मागणी कमी झाली तर कारखाना थोडा माल काढेल. तसं होत नाही. फिल्मवर रसायनांचे थर चढवायचं यंत्र अवाढव्य असतं, सगळं काम अंधारात चालतं. एकदा सुरू केलं की मैलोगणती फिल्म निघते, आणि फिल्मला मुदत असते, ती गोदामात पडून खराब होते. मी लिहिलेल्या प्रोग्रामच्या हजार प्रती एका क्षणात निघतात आणि दहा वर्षांनीही तशाच राहतात. इथे तसं नाही.

पण मला सगळ्यात अस्वस्थ केलं ते कोडाक्रोमने. १९३५ पासूनची ती रंगीत फिल्म कोडॅकने २००९ साली बंद केली. ती धुण्याची पद्धत इतकी किचकट, की शेवटी जगात एकच लॅब उरली, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, पार्सन्स नावाच्या छोट्या गावात. ३० डिसेंबर २०१० पर्यंत पोचलेले रोल तिने घेतले. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी या छायाचित्रकाराने वापरला, त्यातले काही फोटो आपल्या भारतातले आहेत. त्यानंतर कुणाच्या कपाटात कोडाक्रोमचा रोल सापडला, तर त्यातले रंग आता परत येत नाहीत.

उलटंही घडलं आहे. पोलरॉइडने २००८ साली झटपट फोटोची फिल्म बंद केली, तेव्हा नेदरलँड्समधल्या कारखान्यातल्या काही जुन्या कामगारांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी यंत्रं वाचवली. जुनी रसायनं मिळेनात, म्हणून नवी शोधली आणि २०१० साली फिल्म पुन्हा बाजारात आणली. इंग्लंडमध्ये इल्फर्ड बुडायला आली, तेव्हा तिथल्याच व्यवस्थापकांनी ती विकत घेतली. आज तिथे ब्लॅक अँड व्हाइट फिल्म बनते आहे. जिथे जाणती माणसं टिकली, तिथे फिल्म टिकली.

हे वाचलं आणि मी सरांना फोन केला. "सर, तुम्ही शाळेच्या डार्करूममध्ये रोल धुवायचात ना?" सर म्हणाले, "अगं, त्यात काय! डेव्हलपर आण, हायपो आण. मी येतो."

ऐंशीच्या घरातले आपले सर एसटीने माझ्याकडे आले. आम्ही बाथरूमच्या खिडकीला चादर लावली. सरांनी आधी रोलची बाहेर राहिलेली जीभ कापून डेव्हलपरमध्ये बुडवली. ती काळी झाली. म्हणाले, "रसायन जिवंत आहे." मग अंधारात नुसत्या बोटांनी त्यांनी रोल टाकीच्या चक्रावर चढवला. माझी बोटं शेजारी होती, त्यांनी ती धरून शिकवलं.

तेहतीसपैकी एकवीस फोटो आले. धुरकट आहेत, पण आले. महादरवाजाशी ती उभी आहे, एका हातात चप्पल, तोंड उघडं, बहुधा मला हाक मारते आहे. प्रिंट घेऊन मी तिच्या आईकडे गेले. काकू बराच वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "चप्पल तुटली होती तिची. घरी येऊन रडली होती."

बाकीचे फोटो मागच्या भिंतीवर लावले आहेत, चहाच्या वेळी पाहा. आणि एक विनंती. घरी गेल्यावर माळा, ट्रंक, वडिलांचं कपाट पाहा. रोल सापडला तर उघडू नका, फेकू नका, कुठल्याही मशीनमध्ये देऊ नका. आधी त्यावरचं नाव वाचून मला कळवा. सर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी शिकवायला तयार आहेत. आतापर्यंत आम्ही दोघीच शिकणाऱ्या आहोत, मी आणि माझी मुलगी. अजून चार-पाच जण हवेत.