शिफारशीचे दोन शब्द

एखादे पुस्तक आवडले की ते दुसऱ्याच्या हाती द्यावेसे वाटणे, हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु काय द्यावे, कोणाला द्यावे आणि देताना काय सांगावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

१९०४ साली 'इंडियन ओपिनियन' या पत्राची आर्थिक घडी बिघडली, म्हणून गांधीजी जोहान्सबर्गहून दरबानला निघाले. त्यांना निरोप द्यायला हेन्री पोलक स्थानकावर आले होते. प्रवास चोवीस तासांचा होता. पोलक यांनी रस्किनचे 'अन्टु धिस लास्ट' हे लहानसे पुस्तक वाटेत वाचायला दिले आणि ते खात्रीने आवडेल, असे सांगितले. ते पुस्तक गांधीजींना खाली ठेववेना. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. त्याच वर्षी फिनिक्सची वसाहत उभी राहिली आणि १९०८ मध्ये त्या पुस्तकाचा सारांश 'सर्वोदय' या नावाने गुजरातीत आला.

पोलक यांनी पुस्तकांची यादी दिली नाही. स्नेह्याचे मन त्यांना ठाऊक होते. आपल्याच अंतरीच्या श्रद्धांचे प्रतिबिंब गांधीजींना त्या पानांत दिसले.

आज दूरध्वनीवर बोट टेकवताच एक लेख पन्नास जणांकडे जातो. सोबत 'अवश्य वाचा' एवढेच शब्द. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' सुंदर आहे, असे म्हणण्याऐवजी असे लिहिता येईल : 'यात बारा महिन्यांवर बारा लेख आहेत. झाडे, पाखरे, आभाळ यांकडे पाहण्याची तुला आवड आहे, म्हणून सुचवितो. सलग वाचू नकोस. जो महिना चालू असेल तो आधी वाच. कथेची ओढ मात्र यात सापडणार नाही.' दूर दिल्लीत किंवा कोलकात्यात राहणाऱ्या मराठी वाचकाला एवढ्यावरून निर्णय घेता येतो. उणीव सांगितल्याने शिफारस दुबळी होत नाही; उलट तिच्यावर विश्वास बसतो.

शिफारस करणारा दुसऱ्याचा वेळ मागत असतो. तो चारदा वाया गेला की पाचव्या वेळी खरोखर मोलाचे पुस्तकही न उघडता बाजूला पडते. म्हणून पाठविण्यापूर्वी स्वतः पूर्ण वाचावे, ज्याला पाठवायचे त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणावा आणि मगच दोन शब्द लिहावेत.