मैदानावरून वर्गाकडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा साठवणीचे पदार्थ असावेत. मी म्हटले, मी फुटबॉलवर बोलणार. त्या हसल्या. आता तुम्हीही हसता आहात. हसा, पण ऐकून घ्या.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा आमच्याकडे राहतो. तुम्ही सगळ्याजणी त्याला ओळखता, कारण निम्म्या जणींच्या खिडक्यांच्या काचा त्याने फोडल्या आहेत. बारावीनंतर एका क्लबाने त्याला पगारावर खेळायला घेतले. पहिल्या पगारात त्याने मला साडी आणली, तीच आज नेसले आहे. दोन वर्षे बरी गेली. मग एका सामन्यात गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, मुलगा चालू लागला, पण क्लबाने करार पुढे वाढवला नाही. बाविसाव्या वर्षी पोरगा भिंतीकडे तोंड करून निजून राहू लागला. तीन महिने असे गेले. एके दिवशी चहा घेता घेता म्हणाला, "मावशी, मला पुन्हा कॉलेजात जायचंय. शिकून पुढे कॉलेजातच शिकवायचंय."

ही बातमी जिन्यात पोचायला वेळ लागला नाही. एक ताई म्हणाल्या, "पाय गेला तेव्हा डोकं आठवलं होय!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच आले होते, आणि म्हणूनच मला झोप लागेना. खेळणारा मुलगा म्हणजे अभ्यासात ढ, हे आपण किती सहज धरून चालतो! दहावी-बारावीला खेळाडूंना क्रीडागुण मिळतात, ते ठीक आहे. पण सामन्यांच्या पायी बुडालेले धडे त्यांना कोण शिकवणार?

माझे शिक्षण सातवीपर्यंत. तरी मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले. ही संस्था १८९३ सालची, तिथे माझ्यासारखीला कोणी हटकत नाही. फुटबॉल खेळून मग प्राध्यापक झालेला कोणी माणूस आहे का, असे मी विचारले. मिळाले ते वाचले, इंग्रजीतले पुतणीने समजावून दिले.

पहिला माणूस भेटला तो डेन्मार्कचा हॅरल्ड बोर. याचा थोरला भाऊ नील्स म्हणजे अणूचे कोडे उलगडणारा शास्त्रज्ञ, १९२२ सालचा नोबेल पारितोषिकाचा मानकरी. तोही फुटबॉल खेळे, गोलरक्षक म्हणून. पण खेळात नाव धाकट्याचे. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कने फ्रान्सच्या एका संघाला ९-० असे हरवले, त्यांत दोन गोल हॅरल्डचे. पुढे फ्रान्सच्याच दुसऱ्या संघावर सतरा गोल चढवले. अंतिम सामना ब्रिटनने जिंकला आणि डेन्मार्कला रौप्यपदक मिळाले. दोन वर्षांनी, १९१० साली, हाच गडी गणिताच्या डॉक्टरेटसाठी परीक्षकांपुढे उभा राहिला, तेव्हा सभागृहात गणितज्ञांपेक्षा फुटबॉलची मंडळीच जास्त होती असे सांगतात. कोणाला अवाक्षर कळले नसेल, पण आली होती बिचारी!

त्याचे गणित काय, हे मी पुतणीला विचारले. ती म्हणाली, "काकू, तुला दिवाळीवरून सांगते." दिवाळी दरवर्षी त्याच तारखेला येत नाही, कारण चंद्राची चाल वेगळी आणि सूर्याची वेगळी. पण एकोणीस वर्षांनी पाहावे तर ती जवळजवळ त्याच जागी येते. २००६ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते, आणि २०२५ साली आपण ते २१ ऑक्टोबरलाच केले. तंतोतंत पुन्हा नाही, पण जवळजवळ पुन्हा, अशा गोष्टींचा हिशेब या माणसाने मांडला. मला तर वाटले, अधिक महिन्याचे वाण देताना आपणही याच गणिताच्या उंबऱ्यावर उभ्या असतो. हा बोर १९१५ पासून प्राध्यापक होता. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला, तेव्हा जर्मनीतून बाहेर पडावे लागलेल्या गणितज्ञांना त्याने हात दिला. १९४३ साली त्याला स्वतःलाच स्वीडनला पळून जावे लागले.

पण बोरला खेळाचा पगार नव्हता, तो हौसेने खेळे. घरी हे सांगितले तर भाचा म्हणाला, "मावशी, त्याची गोष्ट वेगळी. त्याचं पोट त्यावर नव्हतं." खरेच होते त्याचे. म्हणून पुन्हा शोध घेतला, तेव्हा इंग्लंडचे मार्टिन रॉडरिक सापडले. हे पगारी फुटबॉल खेळलेले. पुढे समाजशास्त्राकडे वळून विद्यापीठात शिकवू लागले, आणि अभ्यासाला विषय कोणता घेतला? फुटबॉलपटूंची नोकरी! २००६ साली त्यांचे पुस्तक निघाले. दुखापत लपवून खेळणे, पुढचा करार मिळेल की नाही ही धास्ती, आज हवाहवासा असलेला खेळाडू उद्या नकोसा होणे, हे सगळे त्यांनी खेळाडूंना बोलते करून लिहिले आहे. पुतणी मजकूर सांगत होती आणि भाचा दाराशी उभा राहून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "दुखतंय हे आम्हीही सांगत नसू." तीन महिन्यांत त्या दुखण्याविषयी तो बोललेले ते पहिले वाक्य.

ही धास्ती काही विलायतेतच आहे असे नाही. आपल्या मुंबईच्या महिंद्र युनायटेड संघाने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० साली तो संघच बंद झाला. संघच मोडतात, तिथे एका गुडघ्याची काय कथा! मग तो मुलगा पुस्तकाकडे वळला तर त्याला हरलेला का म्हणावे?

आपल्याकडे फुटबॉलमधले असे उदाहरण मला मिळाले नाही, पण क्रिकेटमधले मिळाले, तेही पुण्याचे. प्रा. दि. ब. देवधर यांचा जन्म १८९२ चा. पुण्याच्या सर परशुरामभाऊ कॉलेजात ते संस्कृत शिकवीत. १९२६ साली इंग्लंडहून आलेल्या एम.सी.सी.च्या संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या. भारताला कसोटीचा दर्जा मिळाला १९३२ साली, तेव्हा ते चाळिशीचे झाले होते. त्यांना कसोटी सामना खेळायला मिळालाच नाही. दुसरा असता तर रुसून बसला असता. यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला, आणि १९४४ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांनी एकाच सामन्यात दोन्ही डावांत शतके काढली. (सामन्याचे ते पांढरे कपडे घरात कोण धूत असेल, हे तुम्हांला सांगायला नको.) त्यांच्या मुली तारा, सुंदर आणि सुमन बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय पातळीवर चमकल्या, तेही १९४० च्या सुमारास, जेव्हा मुलीने रॅकेट धरली तर शेजारणी नाके मुरडत. देवधर स्वतः १९९३ साली गेले, शंभरी पार करून.

आता मला एक दिसते. आमचा भाचा पहाटे पाचला गजराशिवाय उठतो. चुकले तर "चुकलं" म्हणतो, सबब सांगत नाही. हजार माणसांसमोर हरून दुसऱ्या दिवशी सरावाला जायची त्याला सवय आहे. आमच्या घरात नुसता अभ्यास केलेली मुलेही आहेत, एक गुण कमी पडला तर जेवत नाहीत. मैदानावरची ही पुंजी हा मुलगा कॉलेजात घेऊनच चालला आहे. यंदा त्याने पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. विषय समाजशास्त्र, हे तुम्ही ओळखलेच असेल. फी भरायला संध्याकाळी लहान मुलांना खेळ शिकवतो. शेवटच्या वर्षापर्यंत निभेल की नाही, याची काळजी मला आहेच, ती लपवत नाही. तुमची मुले त्याच्याकडे शिकायला पाठवलीत तर माझी निम्मी काळजी उतरेल, एवढी विनंती करते.

आणि एक गोष्ट आजवर कोणाला सांगितली नव्हती. देवधरांचे ते बावन्नावे वर्ष वाचले आणि मी माझी वर्षे मोजली, सत्तेचाळीस भरली. म्हणून बाहेरून दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा अर्ज मीही भरून टाकला. भाचा आणि मी रात्री एकाच टेबलाशी बसतो. बीजगणित तोच शिकवतो. माझे चिन्ह चुकले की गळ्यातली शिट्टी वाजवतो. रात्री दहानंतर आमच्या घरातून शिट्ट्या ऐकू येतात, अशी तक्रार परवा खालच्या मजल्यावरून आली. परीक्षा होईपर्यंत तेवढे सांभाळून घ्यावे.