आज्ञावली आणि गणिताची साक्ष

सुरतेच्या कापडबाजारात एखाद्या व्यापाऱ्यापाशी ८४ व ३६ मीटरांचे दोन तागे आहेत, असे समजा. चिंधीही वाया न घालविता दोन्हींचे सारखे, पूर्ण मीटरांचे व मोठ्यांत मोठे तुकडे करावयाचे आहेत. रीत सोपी आहे. मोठ्या संख्येतून लहान वजा करीत जावे व दोन्ही समान होताच थांबावे. ८४ व ३६, मग ४८ व ३६, १२ व ३६, १२ व २४, शेवटी १२ व १२. तुकडा १२ मीटरांचा. युक्लिडच्या ग्रंथातील ही प्राचीन रीत संगणकाच्या भाषेत लिहिली की तिचीच आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, होते.

परंतु ती प्रत्येक वेळी बरोबरच उत्तर देईल, हे कशावरून? जकार्ड मागावर छिद्रांची कार्डे चढविणारा विणकर नक्षी एकदा पुरती विणून पाहतो व निश्चिंत होतो, कारण पुढे तीच नक्षी फिरून येते. संगणकाची गोष्ट निराळी. ३२ बिटांच्या दोन संख्यांच्या सर्व जोड्या, सेकंदाला १०० कोटी या वेगाने तपासल्या, तरी ५८० हून अधिक वर्षे लागतील.

येथे गणित साक्षीला येते. ८४ व ३६ या दोहोंना निःशेष भागणारी संख्या त्यांच्या वजाबाकीलाही भागते. आणि वजाबाकीला व ३६ ला भागणारी संख्या ८४ लाही भागते. म्हणजे संख्या बदलल्या तरी त्यांचा मसावि बदलत नाही. शिवाय दर पायरीला एक संख्या घटते, पण शून्य होत नाही; तेव्हा ही रीत थांबणारच. दोन्ही समान झाल्या की तीच संख्या मसावि. कोट्यवधी चाचण्यांचे काम पाच वाक्यांनी केले!

आज्ञावली अशी सिद्धांताप्रमाणे सिद्ध करावी, हा विचार टोनी होअर यांनी १९६९ साली पद्धतशीर मांडला. चाचणीने चूक सापडते, चुकीचा अभाव सिद्ध होत नाही, हे एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी आग्रहाने सांगितले.

अर्थात सिद्धतेलाही गृहीतके असतात. क्रमाने लावलेल्या यादीत शोध घेताना दोन टोकांची बेरीज निम्मी करून मध्य काढणे गणितात निर्दोष आहे. पण ती बेरीज यंत्रात मावली नाही, तर उत्तर बिघडते. जावा भाषेच्या संग्रहातील हा दोष सुमारे नऊ वर्षे दडून राहिला व २००६ साली उघडकीस आला. यंत्राची मर्यादाही गृहीतकांत लिहावयास हवी, हा त्याचा धडा. आपल्या ताग्यांच्या रीतीत केवळ वजाबाकी आहे, म्हणून तेथे हा धोका नाही.

उधना-लिंबायतच्या मराठी घरांतील जी मुले आज ही विद्या शिकत आहेत, त्यांना एवढेच सांगणे आहे: आज्ञावली लिहिण्यापूर्वी कागदावर तीन ओळी लिहा. काय गृहीत आहे, काय बदलत नाही आणि काय घटत जाते.