परतीची वाट

आजच्या भाषणाचा विषय विमानाचा आहे हें ऐकून पुष्कळांस वाटेल कीं, हा विषय आपल्या घरचा नव्हे. परंतु भंडाऱ्याकडील माणसास तसें म्हणतां येणार नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत गोंदियाजवळ बिरसी येथें इंग्रज सरकारनें धांवपट्टी बांधली. तो भाग त्या वेळीं भंडारा जिल्ह्यांत होता. १ मे १९९९ पासून गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच बिरसीस आज नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट ही संस्था तरुणांस विमान चालविण्याचें शिक्षण देते. तेव्हां लहान विमान आमच्या धानाच्या बांध्यांवरून जातांना दिसणें, ही कांहीं नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. त्या विमानांतील मनुष्य वाट कशी ओळखतो आणि ती हरवली म्हणजे काय होतें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

विमान चालविण्याच्या दोन रीती आहेत. एक यंत्रांवर विसंबून आणि दुसरी डोळ्यांवर विसंबून. हौसेनें विमान चालविणारा मनुष्य बहुधा दुसऱ्या रीतीनें जातो. नागपुराहून बिरसीस निघालेल्या अशा वैमानिकास वाट दाखविण्यास आगगाडीचा रस्ता पुरतो. कामठी, भंडारा रोड, तुमसर रोड हीं स्टेशनें मागें पडतात, वैनगंगेचा पूल येतो, मग तिरोडा आणि पुढें गोंदिया. भोंवतालचे तलाव व बोड्या उन्हांत आरशासारख्या चमकत असतात. अशा दिवशीं हा प्रवास म्हणजे केवळ आनंद होय. मात्र नियम असा आहे कीं, खालच्या थरांत उडतांना समोरचें निदान ५ किलोमीटर दिसलें पाहिजे, आणि ढगांपासून आडवें १५०० मीटर व उभें ३०० मीटर अंतर राखलें पाहिजे.

पण आमच्या प्रांताचें आकाश लहरी आहे. चैत्र-वैशाखांत सकाळीं निरभ्र असलेलें आकाश दुपारीं काळवंडतें, वावटळ सुटते, कधीं गाराही पडतात. हिवाळ्यांत पाऊस पडून गेल्यावर नदीवर व तलावांवर पहाटे धुकें बसतें. पावसाळ्यांत ढग इतके खालीं उतरतात कीं, आंबागडाचे व नागझिऱ्याचे डोंगर त्यांत लपून जातात. आणि वाईट हवा भिंतीसारखी एकदम समोर उभी राहत नाहीं, ही खरी अडचण आहे. ती हळूहळू येते. क्षितिज थोडें पुसट होतें, तेव्हां वैमानिक थोडा खालीं येतो; आणखी पुसट झालें, आणखी खालीं येतो. प्रत्येक वेळीं त्यास वाटतें कीं, पुढें उघडेल. असें करतां करतां एका क्षणीं रूळही नाहींत, नदीही नाहीं, सर्वत्र पांढरें!

येथें शरीर मनुष्यास फसवितें. आपल्या कानांच्या आंत तीन वळणदार नलिका असून त्यांतील द्रवाच्या हालचालीनें आपणांस वळण्याचें ज्ञान होतें. परंतु वळण संथ व लांबलेलें असलें, म्हणजे तो द्रवही त्याच वेगानें फिरूं लागतो आणि आपण सरळच चाललों आहों, असा भास होतो. विमान एका बाजूस कलून उतरूं लागतें. वैमानिकास उंची कमी झालेली दिसते, म्हणून तो नाक वर ओढतो. पण विमान कललेलें असल्यामुळें वळण अधिकच आवळतें आणि खालीं येण्याचा वेग वाढतो.

हें केवळ तर्कानें सांगत नाहीं. १९५४ साली अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठानें यंत्रांवर उडण्याचें शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांची परीक्षा घेतली. बाहेरचें कांहीं दिसूं नये, अशी योजना विमानांतच केली होती. विसांपैकीं एकासही विमान सांभाळतां आलें नाहीं. सरासरी १७८ सेकंदांत, म्हणजे तीन मिनिटांच्या आंत, ताबा सुटला. शिक्षक शेजारीं होता, म्हणून ते वांचले. पण त्याच प्रयोगाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. यंत्रांकडे पाहून विमान सावकाश फिरवून माघारीं कसें यावें, हें थोडे तास शिकविल्यावर बहुतेक सर्वांस तें साधलें.

कायद्यांत बसणारी हवाही पुरेशी चांगली असेलच, असें नाहीं. अमेरिकेचे दिवंगत अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव १६ जुलै १९९९ रोजीं रात्रीं समुद्रावरून धूसर हवेंत स्वतःचें विमान नेत होते. यंत्रांवर उडण्याचा परवाना त्यांच्याजवळ नव्हता. त्या अपघातांत ते, त्यांची पत्नी व मेहुणी असे तिघेही मृत्यू पावले. दिशाभ्रम झाला, असाच चौकशीचा निष्कर्ष निघाला.

आतां आपल्याकडील उदाहरण पाहूं. जहांगीर टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपालाचें विमान आणलें. वाट दाखविणारा बिनतारी संदेश नव्हता, दिवे नव्हते. त्यांच्या धाडसाविषयीं कोणास शंका आहे? पण पावसाळ्यांत जुहूचें मैदान पाण्याखालीं जाई, तेव्हां त्यांच्या मंडळींनीं हट्ट न धरतां आपलें ठाणें पुण्यास हलविलें. धाडस आणि हट्ट यांतील अंतर तें हेंच.

मी सारा जन्म शाळेंत काढला. हातीं घेतलेलें काम अर्ध्यावर सोडूं नये, असें मुलांस शिकविण्यांतच माझीं वर्षें गेलीं. येथें मात्र उलट धडा द्यावा लागतो. अर्धी वाट सरली आहे, मंडळी वाट पाहत आहेत, परत गेलों तर लोक हंसतील, याच विचारांनीं वैमानिक पुढें जातो. माघारीं फिरण्याची वेळ ढगांत शिरल्यावरची नव्हे. क्षितिज पुसट होऊं लागलें, तीच ती वेळ. अडचण पडलीच, तर नियंत्रकास बिनतारी यंत्रावर स्पष्ट सांगावें. त्यांत लाज कसली? शिर सलामत तो पगडी पचास.

आणि श्रोतेहो, या कामीं घरच्या माणसांचाही वांटा आहे. ज्यांचीं मुलें-मुली ही विद्या शिकत आहेत, त्यांनीं "आज येतोस ना? सारे खोळंबले आहेत," असें निघतांना म्हणूं नये. तें वाक्य ढगासमोर त्याच्या कानांत घुमतें. त्याऐवजीं "हवा पाहून नीघ, आणि नाहीं जमलें तर उद्यां ये," एवढें म्हणावें. उद्यां येणाऱ्याचें ताट झांकून ठेवतां येतें.